तलवार म्यान करताना : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चे पुनर्वाचन

१

जुन्या संगणकीय खेळांविषयी कुणी बोलू लागले की ‘अवघड’ हा शब्द हमखास येतो. तो बहुधा कौतुकाने येतो. आमच्या वेळचे खेळ घाम काढायचे, असा त्याचा सूर असतो. एखाद्या कवितेला दुर्बोध म्हटले तर आपण लगेच विचारतो, की ही दुर्बोधता कुठून आली? भाषेतून, अनुभवातून, की नुसत्या हौसेतून? खेळाच्या अवघडपणाला मात्र असा प्रश्न कुणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात मी तो एका खेळापुरता विचारणार आहे. जॉर्डन मेक्नर या अमेरिकी तरुणाने १९८५ ते १९८९ या काळात जवळजवळ एकट्याने रचलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा तो खेळ. १९८९ साली तो ‘ॲपल टू’ या संगणकासाठी ब्रोडरबंड या कंपनीने प्रसिद्ध केला. १९९० मध्ये त्याची डॉस आवृत्ती आली, आणि तीच पुढे आपल्याकडे पोहोचली.

धावत, उड्या मारत, कठडे पकडत एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायचे, अशा खेळांना प्लॅटफॉर्म खेळ म्हणतात. हा प्रकार वाढला तो नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांवर. तिथल्या अवघडपणाचे गणित सरळ होते. खेळाडू लवकर मेला की पुढचे नाणे पडते. १९८५ साली कॅपकॉमने काढलेला ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ हा या गणिताचा कळस. पहिल्या फटक्यात नायकाचे चिलखत गळून पडते, दुसऱ्यात जीव जातो. शेवटपर्यंत पोहोचलेल्या खेळाडूला सांगितले जाते की हा सारा भास होता, आता पुन्हा पहिल्यापासून या. त्याच वर्षीच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने घरी बसून खेळणाऱ्याला बरीच सवलत दिली, पण मोजून दिलेले जीव ही यंत्रांवरची पद्धत तिथेही टिकून राहिली.

मेक्नरने हा हिशेब उलटा केला. त्याच्या खेळात जीव कितीही वेळा जाऊ शकतो, त्याची कुठे नोंद होत नाही. मोजलेला आहे तो वेळ. सुलतान परमुलखात गेलेला आहे, वजीर जाफरने सत्ता बळकावली आहे, आणि त्याने राजकन्येपुढे वाळूचे घड्याळ ठेवले आहे. तासाभरात माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. तिचा प्रियकर तळघरात कैद आहे. त्याला बारा लेव्हल पार करून साठ मिनिटांत वर यायचे आहे. तो मेला की चालू लेव्हल पुन्हा सुरू होते, घड्याळ मात्र मागे जात नाही. म्हणजे मृत्यू फुकट असला तरी त्यात गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

या उलट्या हिशेबामुळे अवघडपणाचा अर्थच बदलतो, आणि हा खेळ शेवटी खेळाडूकडून वेगळ्याच कौशल्याची मागणी करतो, असे माझे म्हणणे आहे. ते कौशल्य म्हणजे हात आवरणे.

२

आपल्याकडे हा खेळ कसा वाचला गेला, ते आधी सांगायला हवे, कारण त्याचा पुढच्या विवेचनाशी संबंध आहे. नव्वदच्या दशकात मी तालुक्याच्या गावी एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असे. तिथे टाइपरायटरांच्या ओळीशेजारी दोन संगणक आले, आणि त्यांच्यामागोमाग कुणाच्या तरी खिशातून, फ्लॉपीवर हा खेळ आला. विकत घेतलेली प्रत मी त्या काळात पाहिली नाही. खोक्यासोबतची माहितीपुस्तिका तर कुणाच्याच हाती आली नव्हती.

गंमत अशी, की खेळाला ती पुस्तिका लागत असे. डॉस आवृत्तीत पहिल्या लेव्हलनंतर एक दालन येते. तिथे अक्षरांच्या कुप्या मांडलेल्या असतात, आणि पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचे पहिले अक्षर ज्या कुपीवर असेल ती प्या, असे सांगितले जाते. चुकीची कुपी घातक ठरते. नकल रोखण्याची ही युक्ती. आमच्याकडे तिच्यावर तोडगा म्हणून एक वही तयार झाली. कोणत्या पान-ओळ-शब्दाला कोणते अक्षर चालले, याची नोंद येणारी-जाणारी मुले करत. ज्या पुस्तकाचे पानही पाहिलेले नाही, त्याची अक्षरसूची आम्ही मरून मरून जमवत होतो. हस्तलिखिताची एकच खंडित प्रत हाती असलेल्या संशोधकाला ही अवस्था ओळखीची वाटेल.

दुसरी गोष्ट रंगांची. खेळात वाटेवर कुप्या सापडतात. लाल बुडबुड्यांची कुपी जखम भरून काढते, निळ्या बुडबुड्यांची इजा करते. आमचा मॉनिटर काळा-पांढरा होता. त्यावर दोन्ही कुप्या सारख्याच दिसत. त्यामुळे कोणत्या दालनातली कोणती कुपी चांगली, हे पाठ असावे लागे, आणि ते ज्ञान तोंडी एकाकडून दुसऱ्याकडे जाई. चौथ्या लेव्हलपर्यंत पोहोचलेला मुलगा पाचवीचे वर्णन सहावीपर्यंत पोहोचलेल्याकडून ऐकून ठेवी. महाराष्ट्रातल्या एका पिढीने हा खेळ अशा मौखिक परंपरेत आत्मसात केला. तिच्या लेखी नोंदी जवळजवळ नाहीतच, म्हणून ही एवढी नोंद करून ठेवते.

यंदाच्या उन्हाळ्यात मी डॉस आवृत्ती पुन्हा खेळले. जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा इम्युलेटर आता कोणत्याही लॅपटॉपवर चालतो. मी खेळले ते दोन पद्धतींनी. आधी खेळाने दिलेल्या सोयींनिशी, आणि नंतर इम्युलेटरने दिलेल्या आधुनिक सोयींनिशी. या दुसऱ्या सोयीत कोणत्याही क्षणाची प्रतिमा साठवून, मनात येईल तेव्हा त्या क्षणाला परतता येते. दोन्ही वाचनांत मला दोन वेगळे खेळ दिसले. त्यांच्यातला फरक कळण्यासाठी आधी नायकाच्या शरीराकडे पाहावे लागेल.

३

ऑक्टोबर १९८५ मध्ये मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, एका वाहनतळावर पळायला, उड्या मारायला आणि भिंतीवर चढायला लावले, आणि ते व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपले. डेव्हिडच्या अंगात पांढरे कपडे होते. मग टीव्हीच्या पडद्यावर ती फीत एकेक चौकट थांबवून तिची छायाचित्रे काढली, त्यांतली आकृती काळ्या-पांढऱ्या रंगाने गिरवून ठळक केली, आणि त्या बाह्यरेषा संगणकात उतरवल्या. चित्रपटातल्या माणसावरून चित्र गिरवण्याच्या या तंत्राला रोटोस्कोपिंग म्हणतात. मॅक्स फ्लायशर यांनी त्याचे पेटंट विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच घेतले होते. तलवारबाजीसाठी मेक्नरने १९३८ च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटातल्या एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांच्या द्वंद्वाचा आधार घेतला. त्यात काही सेकंदांपुरते दोघे बाजूने, अगदी खेळाच्या पडद्यावर दिसावेत तसे दिसतात.

हा तपशील सहसा तांत्रिक नवल म्हणून सांगितला जातो. समीक्षेच्या दृष्टीने त्याचा परिणाम महत्त्वाचा आहे. मारिओ हवेत असताना दिशा बदलू शकतो. उडी घेतल्यावर विचार बदलण्याची मुभा त्याला आहे. मेक्नरच्या नायकाला ती नाही, कारण डेव्हिडला ती नव्हती. खऱ्या माणसाची उडी एकदा सुटली की सुटली. नायक धावत असताना बटण सोडले, तर तो तिथल्या तिथे थांबत नाही, पाय घसटत दोन पावले पुढे जातो. वळायला वेळ लागतो. लांब उडीसाठी मागे जाऊन धाव घ्यावी लागते. एक मजला खाली पडला तर निभावते, दोन मजले पडला तर आयुष्याच्या त्रिकोणांतला एक जातो, तीन मजले पडला तर संपलाच. प्रत्येक बटण दाबणे ही एक छोटी प्रतिज्ञा असते; केली की निभवावी लागते.

पहिल्यांदा खेळणारे याला आळस म्हणतात. नायक ऐकत नाही, उशिरा हलतो, अशी त्यांची तक्रार असते. तो उशिरा हलतो, कारण त्याला वजन आहे. या वजनाला तोंड कसे द्यायचे, तेही खेळातच दिलेले आहे. शिफ्ट दाबून बाण दाबला की तो एकेक पाऊल जपून टाकतो. कडेशी आला की थबकतो, पाय पुढे करून चाचपतो. जमिनीतून वर उसळणाऱ्या टोकदार सळयांवरून धावणारा मरतो, आणि त्याच सळयांमधून सावकाश चालत जाणारा सुखरूप पार होतो. घड्याळ घाई करायला सांगत असते, फरशी जपून चालायला सांगत असते. या दोन सूचनांमधला ताण हाच खेळाचा अवघडपणा आहे. बोटांच्या चपळाईचा त्यात वाटा आहे, पण दुय्यम. घाई कुठे करायची आणि कुठे नाही, हा निवाडा मुख्य.

४

हात आवरण्याची शिकवण पुढे अधिक स्पष्ट होत जाते. पहिल्या लेव्हलमध्ये नायक निःशस्त्र असतो. तलवार हाती नसताना पहारेकऱ्यासमोर गेला, तर एका वारात संपतो. म्हणून लढाईकडे पाठ फिरवून आधी तलवार शोधावी लागते. तिसऱ्या लेव्हलमधला सांगाडा तलवारीने मरतच नाही. त्याला रेटत रेटत कडेवरून खाली पाडावे लागते. आठव्या लेव्हलमध्ये नायक एका बंद दरवाजामागे अडकतो आणि त्याला करण्यासारखे काही उरत नाही. जो धीर धरून उभा राहतो, त्याच्यासाठी राजकन्येने पाठवलेला एक उंदीर येतो, फरशी दाबतो, आणि दरवाजा उघडतो. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये या ठिकाणी मुले संगणक अडकला असे समजून तो बंद करत असत.

आणि चौथ्या लेव्हलमध्ये आरसा आहे. बाहेर पडण्याच्या वाटेवर, आधी रिकाम्या असलेल्या जागी तो अचानक उभा दिसतो. त्यातून जाण्याचा मार्ग एकच. धाव घेऊन त्यात झेप घ्यायची. नायक आरपार जातो, आणि त्याच क्षणी आरशातून त्याची सावली उलट दिशेला उडी मारून निघून जाते. नायकाच्या आयुष्याचा एकच त्रिकोण शिल्लक राहतो. ही सावली पुढे त्याला छळते. पाचव्या लेव्हलमध्ये त्याच्या आधी जाऊन कुपी पिऊन टाकते. सहाव्यात ऐन उडीच्या वेळी फरशी दाबून दरवाजा लावते, आणि तो खाली कोसळतो.

या सावलीची जन्मकथा मेक्नरने अनेकदा सांगितली आहे. मुळात खेळात लढाई नव्हतीच. त्याची सहकारी टोमी पियर्स त्याला सांगत राहिली, की लढाईशिवाय हे रंगणार नाही. पण संगणकाची स्मृती भरलेली होती. दुसऱ्या पात्राची चित्रे ठेवायला जागा उरली नव्हती. मग त्याने नायकाचीच चित्रे घेतली, त्यांवर त्यांचीच एका बिटने सरकवलेली प्रत टाकली, आणि दोन्ही जिथे सारखी तिथे कोरे, जिथे वेगळी तिथे ठिपका असा हिशेब लावला. पडद्यावर एक लुकलुकणारी, पोकळ आकृती उभी राहिली. नायकाचे शरीर, पण आत काहीच नाही. पुढे काटकसर करून पहारेकऱ्यांनाही जागा झाली. पण खेळाचा खरा प्रतिस्पर्धी जन्मला तो या टंचाईतून.

मला यात जुन्या शाहिरी तमाशाची आठवण होते. माणसे मोजकी म्हणून एकच नट दोन सोंगे घेतो, आणि त्या अडचणीतूनच विनोद वा नाट्य उभे राहते. फरक इतकाच, की मेक्नरने अडचण झाकली नाही. तिलाच कथेचा विषय केले. शत्रू नायकाच्याच चित्रांतून घडला आहे, तर मग त्याला मारले की काय होईल?

उत्तर बाराव्या लेव्हलमध्ये मिळते. उंच मनोऱ्यात सावली समोर उतरते आणि तलवार उपसते. तोवर तासभर खेळाडूच्या हाताला एकच सवय लागलेली असते: तलवारधारी समोर आला की वार. तो वार करतो. सावलीचा एक त्रिकोण जातो, आणि त्याच क्षणी स्वतःचाही. पुन्हा वार, पुन्हा तेच. सावलीला मारणारा स्वतः मरतो. उपाय एकच आहे, आणि तो पडद्यावर कुठेही लिहिलेला नाही. खाली जाणारा बाण दाबून तलवार म्यान करायची. सावलीही आपली तलवार म्यान करते. मग दोघे एकमेकांकडे जातात, क्षणभर पडदा चमकतो, आणि एकच नायक उरतो. त्यापुढे डावीकडे फरशीच नाही, नुसती पोकळी. जो त्या पोकळीत पाऊल टाकतो, त्याच्या पायाखाली फरशी उमटत जाते.

हा शेवट मेक्नरला अचानक सुचला असे मी मानत नाही. त्याच्या आधीच्या खेळात, १९८४ च्या ‘कराटेका’मध्ये, नायक साऱ्या शत्रूंना लोळवून मारिको या राजकन्येच्या कोठडीत पोहोचतो. तिच्याकडे तो लढाईच्या पवित्र्यात गेला, तर ती एका लाथेत त्याला ठार करते. पवित्रा सोडून, साध्या माणसासारखा गेला तरच मिठी मिळते. तिथे ही एक खोडी होती. बहुतेकांनी ती विनोद म्हणूनच घेतली. पाच वर्षांनंतर तीच कल्पना खेळाचा कणा झाली. दोन्ही खेळ हाताला मारायला शिकवतात आणि शेवटच्या परीक्षेत ती शिकवण बाजूला ठेवायला सांगतात. पहिल्या खेळातली चूक दुसऱ्याला मारण्याच्या पवित्र्यात राहण्याची होती. दुसऱ्या खेळात ती स्वतःलाच शत्रू समजण्याची आहे.

५

या खेळावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला, त्याच्या ‘पर्शिया’वर. हा इराण नव्हे, पाश्चात्य पडद्यावरचा पूर्वेकडचा मुलूख आहे. खलनायकाचे नावच पाहा. मराठी वाचकाला वजीर जाफर ठाऊक आहे तो कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’मधून. तिथे तो खलिफा हारून अल् रशीदचा विश्वासू, वेष पालटून त्याच्याबरोबर रात्री बगदादमध्ये हिंडणारा साथीदार आहे. इतिहासातला जाफर बिन याह्या हा बरमकी घराण्यातला. हे घराणे मूळचे बल्खचे, तिथल्या नवविहार या बौद्ध विहाराच्या प्रमुखांचे. ‘बरमक’ हे नाव संस्कृत ‘प्रमुख’वरून आले, असे अनेक अभ्यासक मानतात. सुश्रुतसंहितेच्या अरबी भाषांतराशी जाफरच्या वडिलांचे नाव जोडले जाते. ८०३ साली हारूनच्याच आज्ञेने जाफरचा शिरच्छेद झाला. म्हणजे राजाच्या लहरीचा बळी ठरलेला हा माणूस. त्याला खलपुरुष केले ते विसाव्या शतकातल्या सिनेमाने. १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये कॉनराड फाइटने रंगवलेला जाफर हाच पुढच्या सगळ्या दुष्ट जाफरांचा मूळपुरुष. मेक्नरने ते नाव तिथून आलेल्या रूढ अर्थानेच उचलले आहे. खेळाची ही बाजू लंगडी आहे.

दुसरा आक्षेप राजकन्येवर. अरबी कथांची चौकट उभी आहे ती शहराजादवर. मृत्यूची मुदत तिलाही आहे, पण ती गोष्ट सांगून एकेक रात्र मिळवते. तिथल्या ‘तीन सफरचंदां’च्या कथेत तर खुद्द जाफरलाच तीन दिवसांची मुदत मिळते: खुनी शोध, नाहीतर मर. मूळ कथांमध्ये मुदत ही बोलण्याची, शोधण्याची, बुद्धी चालवण्याची वेळ आहे. मेक्नरची राजकन्या मात्र वाळूच्या घड्याळाशेजारी उभी आहे, एक शब्दही न बोलता. साऱ्या तासाभरात तिची कृती एकच, तो उंदीर पाठवणे. एक स्त्री म्हणून हे मला खटकते, आणि खटकले नाही असे म्हणण्यात अर्थ नाही.

तरीही त्या उंदराजवळ मी थोडी थांबते. त्या ठिकाणी नायक असहाय आहे आणि कर्ती ती आहे. तिला गोष्ट सांगायला मिळाली नाही. पण नायकाला थांबायला लावून त्याची सुटका करणारी ती एकटीच. खेळाच्या गाभ्यातली शिकवण तिच्या या एकमेव कृतीतही आहे. आक्षेप त्यामुळे पुसला जात नाही. एवढेच दिसते, की मेक्नरची सामग्री उसनी आणि झिजलेली होती, रचना मात्र त्याची स्वतःची होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानाव्या लागतात.

६

आता माझ्या दोन वाचनांकडे येते.

खेळात साठवण्याची सोय मुळातच आहे. तिसऱ्या लेव्हलपासून पुढे ती वापरता येते. पण साठवलेला खेळ उघडला, की ती लेव्हल पहिल्यापासून आणि तेव्हा उरलेल्या मिनिटांनिशी सुरू होते. पोथीत दोरा घालून ठेवावा, तशी ही सोय. अध्याय पुन्हा वाचायला मिळतो, अध्यायातली चुकलेली ओळ तेवढी खोडता येत नाही. या पद्धतीने खेळताना माझ्या वाटेचा बराच भाग जपून टाकलेल्या पावलांनी भरलेला होता. अनोळखी फरशीपुढे मी थांबत होते, हलते का ते पाहत होते, पहारेकऱ्याचा पवित्रा न्याहाळत होते.

इम्युलेटरच्या सोयीने खेळताना ती पावले नाहीशी झाली. उडी मारायची, मेले तर मागचा क्षण उघडायचा. कडेशी चाचपणारा तो पाय मला पुन्हा दिसलाच नाही, कारण चाचपण्याची गरज उरली नाही. डेव्हिडच्या अंगाचे वजन तसेच होते, फक्त ते माझ्या अंगावर येत नव्हते. सर्वांत मोठा फरक पडला तो बाराव्या लेव्हलमध्ये. सावलीवर वार केला, स्वतःचा त्रिकोण गेला, क्षण मागे घेतला. काहीच बिघडले नाही. पहिल्या वाचनात तो प्रत्येक त्रिकोण मी वाटेवरच्या आडबाजूच्या मोठ्या कुप्या शोधून, घड्याळातली मिनिटे खर्चून मिळवलेला होता. त्यामुळे तो जाताना हात आपोआप थबकला. तलवार म्यान करण्याचे उत्तर मला आधीपासून माहीत होते. पण माहीत असणे आणि उगारलेला हात आवरणे यांत जे अंतर आहे, ते पहिल्याच वाचनात जाणवले. दुसऱ्यात शेवट कळला, पण तो माझ्या हाताने घडवलेला नव्हता.

म्हणून या खेळाचा अवघडपणा हा गोष्टीवर चढवलेला कडू लेप आहे, तो काढून टाकला तर आत गोड गोष्ट सापडेल, असे जे मानले जाते ते मला पटत नाही. काढून टाकला तर उरते ती एक जुनाट, सिनेमातून उचललेली परीकथा. अर्थ त्या तासात आहे. ज्यांना बोटांच्या वा नजरेच्या मर्यादेमुळे तो तास जमत नाही, त्यांनी कोणतीही सोय खुशाल वापरावी. माझा मुद्दा त्यांच्या विरुद्ध नाही. तो समीक्षेविषयी आहे. क्षण मागे घेत घेत खेळलेल्या खेळावर लिहिणाऱ्याने आपण सारांश वाचला आहे, हे लक्षात ठेवावे.

मार्च २०१२ मध्ये मेक्नरच्या वडिलांना घरातल्या कपाटात फ्लॉप्यांचे एक खोके सापडले. वडील, फ्रान्सिस मेक्नर, हे मानसशास्त्रज्ञ; या खेळाचे संगीत त्यांचेच. खोक्यात ॲपल टू आवृत्तीचा मूळ कोड होता, जो हरवला असे मेक्नर समजत होता. एप्रिलमध्ये जाणकारांनी त्या जुन्या चकत्यांवरून तो उतरवून घेतला, आणि मेक्नरने तो सर्वांसाठी खुला केला. भावाचे शरीर, वडिलांचे सूर आणि स्वतःची चार वर्षे, असा हा एका घरात घडलेला ग्रंथ आज ओळीओळीने वाचता येतो. सावली घडवणारी ती एका बिटची युक्तीही आता कुणालाही तपासता येते.

पण कोड जपला म्हणजे खेळ जपला असे होत नाही. भातखंड्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवून ठेवल्या, म्हणून त्या आज आपल्या हाती आहेत. तरी त्या गायला कुणाला तरी बसावे लागते, आणि गळा तयार करण्याला आडवाट नाही. या खेळाची स्वरलिपी सुरक्षित आहे. आमच्या इन्स्टिट्यूटमधली अक्षरांची वही मात्र गेली. कुठल्या दालनातली कुपी चांगली, हे तोंडी सांगणारी मुले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर एक विनंती आहे. आपल्याला जे आठवते ते लिहून ठेवा: कोणत्या गावी, कोणत्या यंत्रावर, कुणाकडून कोणती युक्ती मिळाली. आणि एखाद्या रविवारी तासभर काढून, कोणताही क्षण मागे न घेता, पुन्हा एकदा तळघरातून निघा. बाराव्या लेव्हलपर्यंत पोहोचलात, तर समोर सावली उतरल्यावर आपले बोट कोणत्या बटणाकडे जाते, ते पाहा.